फाइलचं नाव गाळावं, तपासावं की स्वतःच द्यावं?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थांसाठी किंवा शाळांसाठी कागदपत्रं अपलोड करायचं सॉफ्टवेअर लिहिताना एक निर्णय आधीच घ्यावा लागतो: समोरून आलेलं फाइलचं नाव किती मानायचं? नावात ‘../’ (म्हणजे ‘एक फोल्डर वर जा’) असेल आणि ते तसंच पाथला, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्याला, जोडलं, तर अपलोडचं फोल्डर सोडून वर जाता येतं. मग पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल वाचली जाते, नाहीतर चालू प्रोग्रामवरच दुसरी फाइल लिहिली जाते.

‘../’ शोधून काढून टाकणं सर्वांत सोपं वाटतं, पण माझा त्याला ठाम विरोध आहे. ‘....//’ मधून ‘../’ एकदा काढलं की पुन्हा ‘../’च उरतं. तीच चिन्हं ‘%2e’सारख्या सांकेतिक रूपात लिहायच्या, म्हणजे एन्कोडिंगच्या, पळवाटा निराळ्याच. वेबसाइट चालवणाऱ्या अपाचे एचटीटीपी सर्व्हरच्या २.४.४९ या आवृत्तीमध्ये २०२१ साली अशीच पळवाट सापडली, २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी पडली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली.

फक्त इंग्रजी अक्षरं ठेवणाऱ्या गाळणीतून हल्ला आत निसटत नाही, पण आपल्या भागात ती दुसरंच नुकसान करते. पायथन भाषेच्या वर्कझोइग या वेब-लायब्ररीतल्या सिक्युअर-फाइलनेम या फंक्शनला ‘उतारा’ नावाची पीडीएफ दिली, तर नाव म्हणून एक्स्टेन्शनची तीन अक्षरं तेवढी उरतात. कन्नडमध्ये ‘पहणी’ (जमिनीचा उतारा) लिहिलेल्या फाइलचंही तेच. एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या तर दुसरी पहिलीला पुसून टाकेल, आणि इथे मराठी-कन्नड दोन्ही नावं रोज येणार.

पूर्ण पाथ सोडवून तो आपल्या फोल्डरच्या आत आहे का हे तपासणं त्याहून बरं. मात्र नुसती सुरुवात जुळवू नका: ‘/अपलोड’ आणि ‘/अपलोड-जुने’ दोन्हींची सुरुवात एकच आहे. शिवाय तपासणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात कुणी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) बदलली, तर तपासणी वाया जाते.

म्हणून साध्या अपलोडसाठी मी तिसरा मार्ग निवडेन: डिस्कवर यूयूआयडी (प्रोग्रामने स्वतः बनवलेला, सहसा पुन्हा न येणारा क्रमांक), मूळ नाव डेटाबेसमध्ये. खातेदाराला डाउनलोडच्या वेळी त्याचंच ‘उतारा’ दिसतं, पाथमध्ये मात्र त्याचा एकही शब्द जात नाही.

झिप किंवा टार (अनेक फाइलींचं एकत्र गाठोडं) उलगडताना आतली नावं ठेवावीच लागतात, तिथे हा उपाय चालत नाही. ‘झिप स्लिप’ नावाने २०१८ मध्ये अनेक लायब्रऱ्यांतला, आतल्या नावातलं ‘../’ तसंच मानण्याचा दोष पुढे आला. पायथनच्या टारफाइल या मॉड्यूलमधल्या अशाच दोषाची नोंद २००७ ची, पण फोल्डरबाहेर जाणारी नावं अडवणारा सुरक्षित ‘डेटा’ फिल्टर आपोआप लागू झाला तो पायथन ३.१४ मध्ये, जुन्या आवृत्तीवर असाल तर तो स्वतः सांगावा लागतो. गो ही भाषा वापरत असाल तर १.२४ पासूनचं ओएस-रूट घ्या, ते फोल्डरबाहेर उघडूच देत नाही. लिनक्स ५.६ पासूनचा ओपनॅट-टू हा सिस्टीम कॉल (थेट ऑपरेटिंग सिस्टीमला केलेली मागणी) खालच्या पातळीवर तेच करू शकतो.

जुनं सॉफ्टवेअर चालू असेल, तर नव्या अपलोडना यूयूआयडी आजच लावा. जुन्या फाइली बॅकअप घेऊन नंतर हलवता येतात.