मेनोनाइटांची गोधडी, बादली आणि दप्तर: काय भरावं, काय टाळावं

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्यांच्या हाती शेजारच्या चर्चमधून कधीतरी एक यादी पडते. चार टॉवेल, चार आंघोळीचे साबण, चार कपड्यांचे साबण, दोन फण्या वगैरे. वर लिहिलेलं असतं, मेनोनाइट सेंट्रल कमिटी. हे सगळं एका बादलीत भरून घर सोडावं लागलेल्या लोकांसाठी द्यायचं असतं. ‘एवढंसं सामान पाठवून काय होणार’ असं वाटून बरेच जण ती यादी फ्रिजवर लावतात आणि विसरतात. काही जण उलट उत्साहाच्या भरात बादलीत चॉकलेटं, खेळणी आणि शुभेच्छापत्र घालून देतात. दोन्हीतून काम होत नाही. म्हणून हे परीक्षण: या संस्थेच्या गोधडीचं, बादलीचं आणि शाळेच्या पिशवीचं.

आधी संस्थेबद्दल थोडक्यात. मेनोनाइट हे सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्स या डच धर्मोपदेशकाचं नाव लावणारे ख्रिस्ती. युद्धात शस्त्र धरायचं नाही आणि श्रद्धा तोंडाने कमी, हातांनी जास्त बोलायला हवी, हा त्यांचा जुना हट्ट. 1920 साली दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, यादवी आणि उपासमारीत सापडलेल्या लोकांसाठी उत्तर अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी ही समिती काढली. अमेरिकेतलं मुख्य कार्यालय पेन्सिल्व्हेनियातल्या एक्रनला, कॅनडातलं विनिपेगला. आपल्याकडे मेनोनाइट मिशन 1899 पासून छत्तीसगडमधल्या धमतरीला आहे आणि ही समिती 1942 पासून कोलकात्यात. मदत घेणाऱ्याचा धर्म विचारला जात नाही.

आता गोधडी. तिकडे तिला कम्फर्टर म्हणतात. सीरिया, जॉर्डन, लेबनॉन, इराक, युक्रेन अशा ठिकाणी घर सोडावं लागलेल्या कुटुंबांना ती थंडीत दिली जाते. तिन्ही वस्तूंत ही सगळ्यात सरस. मराठी घरात हिचं कौतुक होईल आणि हिच्यावर टीकाही तिथेच जास्त होईल, कारण गोधडी म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे.

माप 60 बाय 80 इंच, म्हणजे पाच फूट रुंद आणि सहा फूट आठ इंच लांब. एक मोठा माणूस पायापासून खांद्यापर्यंत नीट झाकला जातो, किंवा दोन मुलं. थर तीन: वरचं तुकड्यांचं कापड, मध्ये भर आणि खाली अस्तर. आपल्या गोधडीत भर म्हणजे जुनी लुगडी आणि धोतरं, आणि सगळं एकजीव होतं धावदोऱ्याने. इथे भर म्हणजे बाजारात मिळणारा पॉलिस्टरचा किंवा सुती, पातळ गादीसारखा थर, आणि धावदोरा नाही. त्याऐवजी ठरावीक अंतरावर गाठी. पिंजारी गादीला जसे टाके मारतो, तशीच ही रीत, फक्त हलक्या हाताची.

गाठीच का? एक कारण वेळेचं. पाच फूट बाय पावणेसात फुटांवर दाट धावदोरा घालायचा म्हणजे आठवडेच्या आठवडे. गाठी मारायला, गोधडी ताणून बसवलेल्या चौकटीभोवती सहा जणी बसल्या तर बसल्या बैठकीला एक हातावेगळी होते. दुसरं कारण उबेचं. दाट टाक्याने भर दबते, त्यातली हवा जाते, आणि ऊब त्या हवेतच असते. आपली गोधडी ऊब देते ती थरांच्या जोरावर, म्हणून ती जड. जहाजाने पाठवायच्या वस्तूला वजन परवडत नाही.

तुकड्यांचं गणित सोपं आहे. सहा इंचांचा चौकोन कापा, चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीत जाईल, हाती पाच इंच उरतील. आडवे 12, उभे 16, म्हणजे 192 तुकडे आणि बरोबर 60 बाय 80. एवढी जुळवाजुळव नको असेल तर 11 इंचांचे चौकोन कापा. शिवून ते 10 इंच राहतात, आणि आडवे 6, उभे 8, अशा 48 तुकड्यांत काम संपतं. नवख्यांनी 48चीच करावी. 192ची दिसते छान, पण एकेका शिवणीत अर्धा सूत इकडेतिकडे झालं तरी बाराव्या तुकड्यापर्यंत रांग अर्धा-पाऊण इंचाने सरकते आणि मग कोपरे जुळत नाहीत. पाव इंचाची शिवण घेऊन कापड वाचवायचा मोह होतो. विरळ विणीचं कापड असेल तर दोन धुण्यांत शिवण उसवते. अर्धा इंचच घ्या.

कापड सुती किंवा सुती-पॉलिस्टर. टी-शर्टाचं ताणणारं कापड सुतीशेजारी लावलं की शिवण फुगते आणि चुण्या पडतात. रंग गडद किंवा मध्यम, कारण ही गोधडी तंबूत किंवा एका खोलीच्या घरात वापरली जाणार आहे आणि पाणी बेताचं असणार. लष्करी छाप्याचं कापड अजिबात नको. युद्धातून पळून आलेल्या मुलाच्या अंगावर सैनिकी गणवेशाचे डाग छापलेली चादर घालायची नाही, एवढी समज हवी. अस्तर मात्र नवं किंवा चांगल्या अवस्थेतलं घ्यावं. गोधडी म्हणजे जुन्याचा उपयोग हे आपलं गणित इथे थोडं बाजूला ठेवावं लागतं. विरलेल्या चादरीचं अस्तर लावलं तर पहिल्याच ओढीला गाठ कापडासकट बाहेर येते.

गाठींमधलं अंतर चार ते पाच इंच. पाच इंचांच्या तुकड्यांची असेल तर जिथे चार तुकडे मिळतात तिथे एकेक, म्हणजे अकरा गुणिले पंधरा, 165 गाठी. 10 इंचांच्या तुकड्यांचीही तेवढ्याच होतात, कारण चार कोपरे मिळतात त्या जागेखेरीज तुकड्याच्या मधोमध आणि प्रत्येक शिवणीच्या मध्यावरही गाठ लागते. इथेच सगळ्यात जास्त कुचराई होते. मधली गाठ गाळली की अंतर वाढतं आणि तीन-चार धुण्यांत भर एका कोपऱ्यात गोळा होते. मग ती गोधडी राहत नाही, दोन चादरी आणि मध्ये एक गोळा एवढंच उरतं.

दोरा क्रोशाचा, सुती, घट्ट पिळाचा. सैल लोकर विस्कटते. सुई मोठ्या नेढ्याची पण टोकदार. खाली सुई घातली की पाव इंचावर वर काढायची. प्रत्येक टाक्याला दोरा तोडत बसू नका. एका टाक्यावरून पुढच्या टाक्याला तसंच जा, रांग संपली की दोन टाक्यांच्या मधोमध कापा आणि मग मागे येऊन गाठी मारा. दोन्हीकडे अडीच इंच दोरा मिळतो, बोटांत धरायला पुरतो. गाठ बसली की इंचभर ठेवून बाकीचा कापा. अगदी तोकडा कापला तर गाठ सुटते.

आणि गाठ. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच वरून घेतलं तर जी गाठ पडते ती दिसायला तशीच, पण ओढली की घसरते. तयार गाठीकडे नीट बघा: दोऱ्याची टोकं मूळ दोऱ्याला समांतर पडली असतील तर बरोबर, आडवी उभी राहिली असतील तर चुकली. 165पैकी पन्नास अशा चुकल्या तर ती गोधडी एक हिवाळाही टिकायची नाही, आणि ज्याच्या अंगावर ती आहे तो परत करायला येणार नाही.

काठासाठी वेगळा गोट लावायची गरज नाही. अस्तर चारी बाजूंनी दीड-दोन इंच मोठं कापा, वर दुमडा, आत एक पट्टी मोडा आणि मशीनने टीप मारा. हाताने काठ शिवू नका, तो आधी उसवतो. शेवटी सगळ्या गोधडीवरून तळहात फिरवा. टाचण्या राहतात. या गोधड्या गठ्ठ्यात दाबून बांधल्या जातात, आत राहिलेली टाचणी गठ्ठा सोडणाऱ्याच्या हातात घुसते.

ज्यांचा धावदोरा खरोखर सुरेख आहे त्यांनी मात्र तो इथे वाया घालवू नये. कॅन्ससमधल्या हचिन्सनसारख्या गावांत दर वर्षी मदतनिधीसाठी लिलाव भरतात आणि हाताने शिवलेल्या गोधड्यांना तिथे चांगली बोली लागते. पैसे समितीला जातात. सुंदर ती विकायची, मजबूत ती द्यायची, असा त्यांचा व्यवहार आहे आणि तो शहाणपणाचा आहे. 2020 साली समितीला शंभर वर्षं झाली, तेव्हा 18 जानेवारीला एकाच दिवसात ठिकठिकाणी बसून 6,500 गोधड्या करायचा संकल्प होता. गाठींची रीत असल्यामुळेच असा संकल्प सोडता येतो.

बादलीकडे वळू. पाच गॅलनची, म्हणजे साधारण 19 लिटरची, झाकणाची प्लॅस्टिकची बादली. यादी ठरलेली आहे: आंघोळीचे मोठे साबण चार, वेष्टनासकट. शाम्पूची एक बाटली. कपड्यांच्या साबणाच्या मोठ्या वड्या चार. मोठ्यांचे टूथब्रश चार, पाकिटासकट. नवे टॉवेल चार. रुंद दातांच्या फण्या दोन. चांगल्या धारेचं नेलकटर एक. जखमेच्या पट्ट्यांची एक डबी, निदान 40 पट्ट्यांची. सॅनिटरी पॅडचं एक पाकीट. यादी अधूनमधून बदलते, त्यामुळे भरायच्या आठवड्यात ताजी बघून घ्या.

टूथपेस्ट यादीत नाही हे बघून लोक हटकून एक नळी आत सरकवतात. ती काढून टाकावी लागते. पेस्टला मुदत असते, आणि गोदामात आणि जहाजावर महिनोन् महिने जाऊ शकतात. शाम्पूची बाटली झाकणाशी गळते, म्हणून ती सीलबंद होणाऱ्या पिशवीत घाला. एक बाटली गळली की चारही टॉवेल गेले. टॉवेलांतच सगळ्यात जास्त चुकतं. हॉटेलात असतात तसले जाड, पांढरे टॉवेल कुणी प्रेमाने आणतं. चार जाड टॉवेल घातले की झाकण बसत नाही, ते वाळायला दोन दिवस लागतात आणि पांढऱ्यावर चार दिवसांत मळ दिसतो. मध्यम जाडीचे, गडद किंवा भडक रंगाचे आणा. कपड्यांचा साबण म्हणजे वडीच, पावडर नाही: पावडर सांडते, ओली झाली की दगड होते. भरताना वड्या तळाशी उभ्या लावा, टॉवेल गुंडाळून कडेने, आणि फण्या, ब्रश, पट्ट्या मधल्या पोकळीत. झाकण हातोडीने ठोकून पक्कं करू नका. समितीच्या केंद्रावर प्रत्येक बादली उघडून तपासतात, आणि ठोकलेलं झाकण काढताना फुटतं.

या सगळ्यातली सगळ्यात कामाची वस्तू वरच्या यादीत नाही. ती म्हणजे बादली. साबण दोन महिन्यांत संपतो, पण झाकणाची बादली पाण्याला, धान्याला, धुण्याला वर्षानुवर्षं चालते. म्हणून रंगाची किंवा रसायनांची वापरलेली बादली कितीही घासली असली तरी नको.

शाळेची पिशवी तिघांत दुबळी. 11 बाय 16 इंचांची, दोन नाड्यांनी ओढून बंद होणारी कापडी पिशवी. आत चार वह्या, आठ पेन्सिली, एक पट्टी, 12 रंगीत पेन्सिली आणि एक खोडरबर. पिशवी उत्तम आहे, दुहेरी शिवणीची केली तर दप्तर म्हणून वर्षभर टिकते. पण वह्या-पेन्सिली जवळपास कुठल्याही देशात मिळतात आणि वह्या जड असतात. त्या समुद्रापार न्यायच्या की तिथल्याच दुकानातून घ्यायच्या, हा प्रश्न रास्त आहे. समिती स्वतःही अनेक ठिकाणी स्थानिक खरेदी करते किंवा रोख मदत देते. तेव्हा पिशवी शिवता येत असेल तर रिकाम्या पिशव्या शिवून द्या आणि वह्यांचे पैसे रोख द्या. साबणालाही हाच आक्षेप लागू पडतो, पण घर सोडून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात दुकान शोधायची सवड नसते, तेव्हा भरलेली बादली पैशांपेक्षा लवकर कामाला येते.

पुण्या-मुंबईहून गोधडी पोस्टाने एक्रनला पाठवू नका. टपालखर्च गोधडीच्या किमतीपेक्षा जास्त होईल. ही सोय तिकडे राहणाऱ्यांसाठीच आहे. मेनोनाइट किंवा ख्रिस्ती असायची अटही नाही, शिवणकाम आणि बांधाबांध करायला कुणीही जाऊ शकतं. जुने कपडे आणि भांडी द्यायची असतील तर बादलीत किंवा पिशवीत कोंबू नका, त्यासाठी त्यांची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. पहिलं 1972 साली मॅनिटोबातल्या आल्टोना गावात चार बायकांनी सुरू केलं.

बादलीत चिठ्ठी नको, बायबलचं वचन नको, मुलाचं चित्र नको, यादीबाहेरचं काहीच नको. श्रद्धाळू माणसाला हे जड जातं. पण बादली कुठल्या देशाच्या सीमेवर, कुणाच्या हाती उघडली जाईल हे भरणाऱ्याला माहीत नसतं, आणि एका कागदापायी आख्खा गठ्ठा अडकू शकतो. डांबरगोळ्यांच्या कपाटातून काढलेलं कापडही नको. तो वास दोन धुण्यांत जात नाही, आणि ती गोधडी एखाद्या तान्ह्या बाळाच्या नाकाशी असते.