‘वर्ल्ड्स विदाउट नंबर’: कमी लिहायला शिकवणारं जाडजूड पुस्तक

रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे भूमिका घेऊन खेळायच्या खेळात, सँडबॉक्स कॅम्पेन (खेळाडूंनी हवं तिकडे भटकायचं, असा बऱ्याच बैठका चालणारा खेळ) चालवायचं ठरवलं की नवा जीएम, म्हणजे खेळ चालवणारा गेम मास्टर, आधी नकाशा काढायला बसतो, आणि मग त्या नकाशातच बुडतो. डोंगररांगा, राजघराण्यांच्या वंशावळी, देवादेवांची भांडणं, सगळं लिहून तयार. खेळाडू मात्र पहिल्याच सेशनला भलत्याच दिशेला निघतात, आणि वहीतलं वहीत राहतं. केविन क्रॉफर्डचं ‘वर्ल्ड्स विदाउट नंबर’ (साइन नॉमिने पब्लिशिंग, २०२१) हे अशा खेळाचं नियमपुस्तक नेमकं इथे कामाला येतं. त्याचा सल्ला थोडक्यात असा: पुढच्या सेशनला हे लागणार आहे का? लागणार नसेल, तर निदान लिहिताना मजा येतेय का? दोन्हीला ‘नाही’ असेल, तर वही मिटा.

मोकळं रान आणि हवं तिकडे भटकणारे खेळाडू यात नवीन काही नाही. १९७४च्या मूळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डी अँड डी) या रोलप्लेइंग गेममध्ये तर रानावनातल्या प्रवासासाठी ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच कंपनीच्या बोर्डगेमचा पट घ्या, असं चक्क सांगितलं होतं. अडचण पटाची कधीच नव्हती. पटावरच्या एखाद्या षटकोनी घरात पोचल्यावर तिथे घडणार काय, ही होती.

याला या पुस्तकाचं उत्तर म्हणजे टॅग, त्या जागेतली मुख्य भानगड सांगणारं एक लेबल. गाव, दरबार, पडके अवशेष, रान, प्रत्येकासाठी वेगळे तक्ते. फासे टाकून दोन टॅग काढायचे आणि एकमेकांत गुंतवायचे. प्रत्येक टॅगखाली पाच छोट्या याद्या असतात: शत्रू, मित्र, गुंतागुंत, वस्तू, जागा. डोंगरपायथ्याच्या एका गावासाठी मला ‘ब्लड फ्यूड’ आणि ‘पिलग्रिमेज साइट’ हे दोन आले. म्हणजे पिढीजात वैर आणि तीर्थक्षेत्र. मी एवढंच लिहिलं: देवळाच्या किल्ल्या एका घराण्याकडे, पालखीचा मान दुसऱ्याकडे, आणि यंदा पालखीतली मूर्तीच गायब. पुढचं माझ्या हातात राहिलंच नाही. ‘अरे, ही तर आमच्या गावची जत्रा!’ असं म्हणून एकजण थेट मानकऱ्यांच्या वाड्यावर मध्यस्थी करायला गेला. दुसरीने तेवढ्यात किल्ल्यांचा ठसा मेणावर घेतला. गाव कसं दिसतं हे मी धड सांगितलंही नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही. बाजारात तक्त्यांची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण बहुतेक तक्ते खानावळीचं नाव आणि मालकाच्या मिशा ठरवून देतात. इथे भांडण मिळतं, आणि सेशन चालतं ते भांडणावर.

दुसरी सवय मी याच पुस्तकातून उचलली. सेशन संपताना खेळाडूंना सरळ विचारायचं, ‘पुढच्या वेळी कुठे जाणार?’ जे ठरेल तेवढंच जीएमने तयार करायचं. वाटेल तिकडे जायची मोकळीक आहे, फक्त आधी सांगून जा. नोकरी, लोकल आणि घरचं सांभाळून खेळणाऱ्या आमच्यासारख्यांना याहून मोठा दिलासा नाही.

फॅक्शनच्या, म्हणजे जगातल्या सत्ताधारी गटांच्या, नियमांबद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. प्रत्येक गटाला कनिंग (धूर्तपणा), फोर्स (बळ) आणि वेल्थ (संपत्ती) असे तीन आकडे, त्यांवर बेतलेल्या मालमत्ता, आणि दोन साहसांच्या मध्ये जीएमने एकट्याने बसून खेळायची त्यांची चाल. कल्पना झकास. खेळाडू तळघरात धडपडत असताना बाहेर एखादा सरदार बंदर बळकावतो, आणि वर आल्यावर ती बातमी त्यांना बाजारात कळते. जग आपल्यासाठी थांबून राहिलेलं नाही, हे त्यांना बरोबर जाणवतं. पण हिशेब किचकट, अगदी किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीसारखा. मी तीनच गट ठेवतो, मालमत्तांचा तक्ता बाजूला सारतो आणि प्रत्येकासाठी एक फासा टाकून मोकळा होतो.

नियम जुन्या वळणाचे: हल्ल्याला वीस बाजूंचा फासा, कौशल्याला सहा बाजूंचे दोन. ‘शॉक’ या नियमामुळे नेम चुकला तरी समोरच्याला इजा होऊ शकते, त्यामुळे मारामाऱ्या रेंगाळत नाहीत आणि पहिल्या लेव्हलचे वीर पळायला लवकर शिकतात. जुनी डी अँड डी साहसं फारशी खटपट न करता यात बसतात. सोबतचं ‘लॅटर अर्थ’ हे अतिदूर भविष्यातलं थकलेलं जग मी चाळलं आणि सोडून दिलं. नावं जिभेवर बसत नाहीत.

नवख्या माणसाने मात्र हे पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नये. पानं गच्च भरलेली, उदाहरणं हात राखून दिलेली, आणि भूमिका घेऊन खेळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे वाचकाला आधीच माहीत आहे असं गृहीत धरलेलं. ‘तूच सांग ना आता काय करायचं’ म्हणून जीएमच्या तोंडाकडे बघत बसणाऱ्या खेळाडूंसाठीही यात फारसा तोडगा नाही. अशा मंडळींना सुरुवातीची दोन-तीन सेशन सरळ एखादी कामगिरी द्यावी, असं माझं मत.

पीडीएफची फुकट आवृत्ती ड्राइव्हथ्रूआरपीजी या वेबसाइटवर आहे, आणि सँडबॉक्सची सगळी अवजारं तीत आहेत. पैसे मोजून घ्यायच्या डीलक्स आवृत्तीत महावीर पातळीच्या पात्रांचे नियम वगैरे जादा मजकूर मिळतो. मला त्याची अजून गरज पडलेली नाही. मी टॅगांची पानं तेवढी झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घेतली. टेबलावर मोबाइलमध्ये तक्ते शोधत बसण्यापेक्षा ते बरं पडतं.