न्यूझीलंड की नॉर्वे? आयुष्यात एकदाच लांब जायचं असेल तर

जगातले सगळ्यात सुंदर देश कोणते असं शोधलं की हे दोन पहिल्या पाचात असतातच, आणि पंचाईत अशी की फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. उभे कडे, खाली काळंनिळं पाणी, वर बर्फ, मधे एक छोटीशी लाल किंवा पांढरी बोट. त्यामुळे फोटो बघून ठरवायला बसलात तर कधीच ठरणार नाही. माझं मत विचाराल तर दोनच गोष्टी बघा, सुट्टी कोणत्या महिन्यात मिळतेय आणि तिकडे गाडी कोण चालवणार. बाकी सगळं त्यानंतर.

आधी महिन्याचं बोलू, कारण आपल्याकडे मुलांच्या शाळा असतील तर मे महिना किंवा दिवाळी, याच्यापलीकडे चॉइस नसतो.

मे महिना असेल तर डोळे मिटून नॉर्वे. न्यूझीलंडमध्ये तेव्हा हिवाळा तोंडावर आलेला असतो, तिकडचे ऋतू आपल्या उलटे आहेत हे माहीत असतं सगळ्यांना पण बुकिंग करताना विसरतात, ॲरोटाउनची पिवळी-लाल झाडं एप्रिलमध्येच बघून घ्यायची असतात आणि मे अखेरीस तर दिवस पाचच्या आसपास संपतो. नॉर्वेत याच वेळी बर्फ वितळायला लागलेला असतो म्हणून मे-जूनमध्ये धबधबे सगळ्यात जोरात, हार्डांगर फियोर्डच्या (फियोर्ड म्हणजे उभ्या कड्यांमधून आत शिरलेला समुद्र) काठावर सफरचंदाच्या बागा फुललेल्या, आणि 17 मेला त्यांचा राष्ट्रीय दिवस, म्हणजे ओस्लो-बर्गनपासून लहान गावांपर्यंत सगळे बुनाड नावाचा पारंपरिक पोशाख घालून रस्त्यावर, शाळेच्या पोरांच्या मिरवणुका, बँड. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात, तेवढी खाण्याची सोय आदल्या दिवशी करून ठेवा. एक अडचण मात्र आहे, डोंगरावरचे काही घाटरस्ते मे अखेरपर्यंत किंवा जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतात. म्हणून जमत असेल तर मे अखेर ते जून मध्य हा काळ धरा, आपल्याकडे शाळा सुरू व्हायच्या आत परत येता येतं.

दिवाळीत गणित उलटं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं नॉर्वे म्हणजे पाऊस, लवकर अंधार, बऱ्याच टुरिस्ट बोटी कमी झालेल्या. बर्गनला तर वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो, त्यात भर. तेव्हा नॉर्वेत जायला एकच सबळ कारण आहे ते म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, आणि मग सरळ उत्तरेला ट्रोम्सोला जा, सप्टेंबर ते मार्च हा तिथला सीझन. बाकी लोकांनी दिवाळीत न्यूझीलंड करावं. तिकडे वसंत चालू असतो, डोंगरमाथ्यावर बर्फ शिल्लक, खाली हिरवंगार, मेंढ्यांची पिल्लं. नोव्हेंबरच्या मध्यापासून टेकापो लेकच्या काठावर ल्युपिनची जांभळी-गुलाबी फुलं येतात, ती बघायची असतील तर दिवाळीनंतर थोडं थांबून निघा. ख्रिसमसच्या सुट्टीत तिकडचा भर उन्हाळा, हवा मस्त, पण त्यांच्याही शाळांना सुट्टी असते त्यामुळे हॉटेलं भरलेली आणि भाडी चढलेली.

आता गाडी. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, आणि लायसन्स इंग्रजीत छापलेलं असेल तर तेच चालतं. हा मुद्दा जितका साधा वाटतो तितका साधा नाहीये, कारण खरं न्यूझीलंड रस्त्यावरच आहे. साउथ आयलंडमध्ये क्राइस्टचर्चला उतरायचं, गाडी घ्यायची, टेकापो, मग पुकाकी लेकच्या कडेकडेने आओराकी माउंट कुक (3,724 मीटर, तिथला सगळ्यात उंच डोंगर), तिथून वनाका, क्वीन्सटाउन, ते अनाउ आणि शेवटी मिलफर्ड साउंड (हाही फियोर्डच, बोटीतून बघायचा). हा रस्ता बसनेही होतो पण मग जिथे थांबावंसं वाटतं तिथे थांबता येत नाही, आणि इथे तर दर वीस मिनिटांनी थांबावंसं वाटतं.

ते अनाउ ते मिलफर्ड हा साधारण 120 किलोमीटरचा रस्ता माझ्या मते दोन्ही देशांतला सगळ्यात भारी रस्ता आहे. शेवटी होमर टनेल लागतो, सव्वा किलोमीटरचा, डोंगर पोखरून काढलेला, आतून उतार आणि खडबडीत भिंती, आणि बाहेर पडलात की एकदम खाली दरी उघडते आणि चारही बाजूंनी पाणी कोसळत असतं. मिलफर्डला वर्षाला जवळजवळ 6,800 मिलीमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही जास्त, त्यामुळे पाऊस आहे म्हणून ट्रिप कॅन्सल करू नका. पावसात तिथे शेकडो तात्पुरते धबधबे सुरू होतात जे कोरड्या दिवशी दिसतच नाहीत. टनेलपाशी किआ नावाचे हिरवट पोपट गाडीच्या काचेभोवतीचं रबर चोचीने उपटतात, हसू नका, खरंच उपटतात. आणि मिलफर्डच्या सँडफ्लाय, बारीक माश्या आहेत पण चावल्या की आठवडाभर खाज, रिपेलंट तिकडचंच घ्या. हिवाळ्यात हा रस्ता हिमकड्यांच्या भीतीने अधूनमधून बंद करतात आणि गाडीत चाकांना लावायच्या चेन ठेवायला लावतात, त्यामुळे जून-जुलै-ऑगस्टमध्ये फक्त मिलफर्डसाठी जाऊ नये.

तिकडचे हायवे म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन लेनचे वळणावळणाचे रस्ते आहेत, लिमिट 100 असलं तरी तेवढा वेग पडत नाही, मधेच एकेरी पूल येतात जिथे बाण बघून समोरच्याला आधी सोडायचं असतं. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड एका दिवसात जाऊन येणारे लोक आहेत, सुमारे चार तास जायला, चार यायला, मधे दोन तास बोट. करू नका, ते अनाउला एक रात्र राहा.

नॉर्वेत गाडी उजवीकडून. सवय होते, पण पहिल्या दिवशी राउंडअबाउटवर डोकं फिरतं. दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवावे लागतात, दारूची मर्यादा जवळजवळ शून्य आणि दंडाचे आकडे असे की स्पीडिंगच्या एका चलानात आपलं दोन दिवसांचं बजेट जाईल. पण मुद्दा असा की नॉर्वेत गाडीची गरजच नाहीये. ओस्लोहून सकाळी बर्गनची ट्रेन पकडायची, 1909 पासून चालू असलेली लाइन, ही गाडी फिन्सेला 1,222 मीटर उंचीवर बर्फातून जाते, मिर्दालला उतरून फ्लोमची छोटी ट्रेन घ्यायची जी वीस किलोमीटरमध्ये डोंगरावरून थेट फियोर्डच्या पाण्यापर्यंत उतरते, तिथून नेरॉयफियोर्डमधून बोट, मग बस, मग परत ट्रेन आणि रात्री बर्गन. सगळं एका दिवसात बसतं, सगळ्याचं बुकिंग ऑनलाइन होतं. दोन दिवसांत तोडून फ्लोमला राहिलात तर जास्त मजा, कारण संध्याकाळी क्रूझवाले गेले की गाव रिकामं होतं. नेरॉयफियोर्डवर आता बॅटरीवर चालणारी बोट आहे, इंजिनचा आवाज नाही, कड्यावरून पाणी पडतं त्याचा आवाज डेकवर उभं राहून ऐकू येतो.

गाइरांगर फियोर्ड जास्त प्रसिद्ध, सेव्हन सिस्टर्स धबधबा तिथेच. तोही नेरॉयसारखाच 2005 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. सुंदर आहे पण उन्हाळ्यात मोठमोठ्या क्रूझ येऊन उभ्या राहतात आणि त्या एवढ्याशा गावात हजारो माणसं उतरतात. दोघांपैकी एकच जमत असेल तर नेरॉय करा.

आणि मग लोफोटेन. इथे मी तटस्थ राहू शकत नाही. आर्क्टिक सर्कलच्या वरची बेटं, समुद्रातून सरळ वर आलेले अणकुचीदार डोंगर, पायथ्याशी रेइने, हाम्नॉय अशी कोळ्यांची गावं, लाल रंगाची लाकडी घरं खांबांवर पाण्यात उभी (रोर्बू म्हणतात, पूर्वी कोळी राहायचे, आता टुरिस्ट राहतात), आणि लाकडी मांडवांवर वाळत घातलेले कॉड मासे. वास येतो, आपल्या कोकणातल्या सुक्या मासळीच्या वासाची सवय असेल तर काही वाटणार नाही. मे अखेर ते जुलै मध्य सूर्य मावळतच नाही तिथे. रात्री साडेअकराला डोंगर चढायला निघणारी माणसं दिसतात. रेइनेब्रिंगेन फक्त 448 मीटर आहे पण सगळा उभा चढ, त्याच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधल्यात, आणि वरून जे दिसतं ते मिलफर्डच्या तोडीचं आहे, कदाचित जास्तच. जायला ओस्लोहून बोडोला विमान आणि पुढे मोस्केनेसला साडेतीन तासांची फेरीबोट. वेळ असेल तर ट्रॉनहाइमहून बोडोपर्यंत दहा तासांची ट्रेन, आर्क्टिक सर्कल ओलांडून जाते. फक्त लोफोटेनमध्ये मात्र बस कमी असतात, दोन-तीन दिवस तरी भाड्याची गाडी घ्यावी लागते, हे वरच्या माझ्या "गाडीची गरज नाही"ला अपवाद समजा.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. न्यूझीलंडच्या डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशनच्या साडेनऊशेच्या वर हट्स आहेत, ट्रॅक सुंदर आखलेले, पाट्या, पूल सगळं जागेवर. मिलफर्ड ट्रॅक 53.5 किलोमीटर, चार दिवस, सीझनमध्ये एकाच दिशेने चालायचं आणि मुक्काम ठरवून दिलेल्या हटमध्येच. म्हणजे शिस्तीचा ट्रेक. नॉर्वेत उलट मोकळीक आहे, 1957 च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणीही चालू शकतो, घरापासून 150 मीटर लांब तंबू ठोकू शकतो, परवानगी लागत नाही. त्यांच्या ट्रेकिंग असोसिएशनच्या साडेपाचशेच्या वर केबिन आहेत, त्यातल्या कित्येकांत माणूसच नसतो, किल्ली घेऊन जायचं, आतल्या फडताळातलं धान्य, डबे वापरायचे आणि काय घेतलं ते लिहून पैसे भरायचे. ज्याला किल्ल्यावर स्वतःची वाट शोधत जायला आवडतं त्याने नॉर्वे करावं. ट्रोलटुंगाचा (कड्यातून जिभेसारखा बाहेर आलेला खडक) फोटो सगळ्यांना हवा असतो पण तो जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या वरचा दिवस आहे, बर्फ असताना गाइडशिवाय जाऊ नका. प्रेइकेस्टोलेन (604 मीटरचा कडा) त्या मानाने सोपा, आठ किलोमीटर जाऊन-येऊन, फिट असलेले काका-काकूही चढतात.

पैशाचं सरळ सांगतो, नॉर्वे महाग. साध्या हॉटेलात एक डिश घेतली तरी दोन हजार रुपये आरामात, न्यूझीलंडमध्ये त्यापेक्षा कमी. व्हेज लोकांना न्यूझीलंड जास्त सोयीचं, इंडियन रेस्टॉरंट छोट्या गावांतही सापडतात, ग्रोसरीत डाळ-तांदूळ मिळतात, आणि हॉलिडे पार्कमध्ये कॉमन किचन असतं. नॉर्वेत छोट्या गावात व्हेज म्हणजे पिझ्झा नाहीतर बटाटा, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या आणि कुकरचं काय करायचं ते घरी ठरवा. न्यूझीलंडला जाताना मात्र लोणचं, चिवडा, लाडू, मसाले जे काही नेताय ते डिक्लेरेशनमध्ये लिहा. न लिहिता सापडलं तर तिथल्या तिथे 400 न्यूझीलंड डॉलर दंड, म्हणजे वीसेक हजार रुपये. लिहिलं तर बघतात आणि बऱ्याच वेळा सोडतात. बूटही धुऊन न्या, मातीसुद्धा चालत नाही त्यांना.

व्हिसात नॉर्वेला शेंगेन, फी 90 युरो, व्हीएफएसला (व्हिसाचे अर्ज घेणारं केंद्र) जाऊन ठसे, 30 हजार युरोचा इन्शुरन्स. कटकट आहे पण त्यात बाकीचं युरोपही होतं. न्यूझीलंडचा अर्ज ऑनलाइन, वर 100 न्यूझीलंड डॉलरची टुरिस्ट लेव्ही. एक गोष्ट बरेच जण बघत नाहीत, ती म्हणजे स्वस्त दिसणारी तिकिटं पुष्कळदा सिडनी किंवा मेलबर्नवरून असतात आणि आपल्या पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा वेगळा लागतो. सिंगापूरमार्गे घ्या, तिथून सरळ क्राइस्टचर्चला विमान आहे. मुंबईहून सगळं धरून अठरा-वीस तास तरी जातात, घड्याळ साडेसहा ते साडेसात तास पुढे, म्हणून उतरल्या उतरल्या गाडी चालवायला घेऊ नका. नॉर्वे एका स्टॉपने बरंच लवकर होतं आणि फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचाच.

आइसलँडबद्दल विचारणारे पण असतात. शेंगेनमध्येच येतं, 1,300 किलोमीटरचा रिंग रोड, धबधबे, ज्वालामुखी, जोकुलसार्लोनचे हिमनग, आठ-दहा दिवसांत उरकतं. पण वारा असा की गाडीचं दार उघडताना हाताने धरून ठेवावं लागतं, झाडं जवळपास नाहीत आणि खर्च नॉर्वेइतकाच. पहिल्या लांबच्या ट्रिपसाठी मी सुचवणार नाही, नॉर्वे झाल्यावर करा.

आईवडील सोबत असतील तर पुन्हा नॉर्वे, कारण ट्रेन आणि बोटीत बसून सगळं दिसतं आणि बर्गन ते किर्केनेस किनाऱ्याने जाणारी बोट आहे, 1893 पासून चालू, 34 बंदरं घेत जाते, त्यातले हवे तेवढे दिवस घेता येतात. पाच-सहा वर्षांची पोरं असतील तर न्यूझीलंड, कॅम्परव्हॅन घ्या, पोरं त्या गाडीवरच खूश असतात. आणि मित्रमित्र जात असाल, दोन तरी ड्रायव्हर असतील आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा मिळत असेल तर विचारच करू नका, साउथ आयलंड. तेव्हा गर्दी ओसरलेली असते आणि हवा अजून चांगली असते.

ठरलं की तिकिटाआधी राहण्याचं बघा. लोफोटेनचे रोर्बू जून-जुलैसाठी हिवाळ्यातच संपतात आणि मिलफर्ड ट्रॅकचं बुकिंग ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी लॉगिन करून बसावं लागतं.