ईगलमधून कीकॅडमध्ये: काही महिने वापरल्यावर, आणि तो शेपटीचा शून्य

सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर ईगल स्वतंत्र रूपात ७ जून २०२६ पर्यंतच, हे त्याची मालक कंपनी ऑटोडेस्कने २०२३ मध्येच सांगून टाकलं होतं. वर्गणी भरत बसायचं नसेल तर त्याच कामाचं कीकॅड बरं. फुकट आहे आणि ईगलच्या फाइल आत घेणारा इम्पोर्टही दमदार आहे. फक्त पार्टच्या (बोर्डावरच्या घटकांच्या) नावांचा घोळ डोकं उठवतो.

ईगलमध्ये पार्टला काहीही नाव चालतं: ‘रीसेट’, ‘पॉवर_एलईडी’, अगदी नुसता ‘७’ सुद्धा. कीकॅडला आधी अक्षर आणि शेवटी आकडा लागतो. म्हणून इम्पोर्टर न विचारता ‘रीसेट’चा ‘रीसेट०’ करतो आणि आकड्याने सुरू होणाऱ्या नावापुढे ‘यूएनके’ चिकटवतो. स्किमॅटिक (सर्किटची आकृती) आणि बोर्ड (प्रत्यक्ष मांडणी) दोन्हींत सारखाच बदल होत असल्याने ईआरसी, डीआरसी या आपोआप तपासण्या गप्प. बोंब होते ती असेंब्लीवाल्याकडे: बीओएम (पार्टची यादी) जुना, पिक-अँड-प्लेस फाइल (कुठला पार्ट कुठे बसवायचा ते मशीनला सांगणारी) नवी, आणि ‘रीसेट०’ त्याच्या यादीत नाहीच. वर सिल्कस्क्रीनवरही (बोर्डावर छापलेल्या अक्षरांत) तोच शून्य छापून येतो. एका शून्यापायी बोर्डांचा अख्खा लॉट अडकतो! इम्पोर्टच्या आधी ईगलमध्येच, स्किमॅटिक आणि बोर्ड दोन्ही उघडे ठेवून, नेम कमांडने अशी नावं ‘एसडब्ल्यू१’, ‘डी३’ अशी करून घ्या. बीओएमही त्यानंतरच काढा.

बाकी रीत सोपी. फाइल ईगल ६ किंवा पुढची, म्हणजे एक्सएमएलमधली हवी. त्याआधीची असेल तर नव्या ईगलमध्ये उघडून सेव्ह करा. .एससीएच (स्किमॅटिक) आणि .बीआरडी (बोर्ड) एकाच फोल्डरमध्ये, एकाच नावाने ठेवा. मग कीकॅडच्या फाइल मेनूत ‘इम्पोर्ट नॉन-कीकॅड प्रोजेक्ट’.

कॉपर पोरबद्दल (रिकामी जागा तांब्याने भरण्याबद्दल) सुरुवातीचं मत वाईट होतं, कारण बोर्ड उघडताच ग्राउंड तुटलेला दिसतो. ते मत मागे घेतलं. तांब्याने भरायचे भाग, म्हणजे झोन, फक्त भरलेले नसतात. ‘बी’ दाबलं की झोन भरतात आणि रॅट्सनेस्टच्या (बाकी जोडण्या दाखवणाऱ्या) रेषा जातात. झोन एकमेकांवर आले तर ईगलमध्ये लहान रँक वरचढ, कीकॅडमध्ये मोठी प्रायॉरिटी. ही उलटापालट इम्पोर्टर स्वतःच करतो. थर्मल (सोल्डरच्या जागेला झोनशी जोडणाऱ्या बारीक पट्ट्या) आणि आयसोलेट (झोनने इतर तांब्यापासून राखायचं अंतर) मात्र एकेका झोनचं तपासा.

खरी अडचण सुट्या .एलबीआर लायब्ररीची (ईगलच्या पार्टसाठ्याच्या फाइलची). ईगलमध्ये पॅडचा (पार्टचा पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या ठिपक्याचा) व्यास ‘ऑटो’ असला की तो बोर्डाच्या डिझाइन रूल्सवरून ठरतो. मूळ सेटिंगमध्ये छिद्राभोवतीचं तांब्याचं कडं ड्रिलच्या २५ टक्के, किमान १० मिल, कमाल २० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ०.८ मिमी ड्रिलचे २५ टक्के ०.२ मिमी, ते कमी पडतात, म्हणून दोन्ही बाजूंना १० मिल (०.२५४ मिमी) लागू आणि पॅड १.३१ मिमी. तुमच्या रूल्समध्ये किमान १६ मिल असेल तर तोच पॅड १.६१ मिमी. .एलबीआरमध्ये हे रूल्स नसतात, त्यामुळे त्यातून आणलेला फूटप्रिंट (बोर्डावरची पार्टची पॅडसकट जागा) बारक्या पॅडचा येतो. पुढे कुणी ‘अपडेट फूटप्रिंट्स’ चालवलं की चांगल्या बोर्डाचे पॅड आक्रसतात, आणि हाताने सोल्डर करणारा शिव्या घालतो. फूटप्रिंट इम्पोर्ट केलेल्या बोर्डातूनच एक्सपोर्ट करून घ्या.

शेवटी एफ८ (स्किमॅटिकवरून बोर्ड अपडेट): इथे बदलांची यादी रिकामी यायला हवी. मग ईगलचे जुने आणि कीकॅडचे नवे गर्बर (बोर्ड बनवायला द्यायच्या थरांच्या फाइल) जीईआरबीव्ही या व्ह्यूअरात एक्सऑर मोडमध्ये, म्हणजे फक्त फरक दिसेल असे, एकमेकांवर टाका. कॉपर लेयरवर पोरच्या कडा किंचित दिसल्या तर चालेल. अख्खा पॅड किंवा ट्रॅक दिसला तर फॅबकडे (बोर्ड बनवणाऱ्याकडे) पाठवू नका. कीकॅडमधून ईगलची फाइल परत निघत नाही, तेव्हा मूळ .एससीएच, .बीआरडी आणि ते जुने गर्बर जपून ठेवा.