अठराव्या वर्षी करार की आधी कॉलेज? बेसबॉल पिचर मुलाच्या आईवडिलांसाठी

अमेरिकेत वाढलेला मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी ताशी 95 मैलांनी बेसबॉलचा चेंडू टाकायला लागला आणि कुंपणामागे रडार गन घेतलेले स्काउट (क्लबसाठी खेळाडू हेरणारे) दिसायला लागले, की घरात दुसरा विषय उरत नाही. जुलैच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, एखाद्या क्लबने निवडलं तर सही करायची, की आधी कॉलेज? आपल्या घरांत उत्तर बहुधा ठरलेलं असतं: आधी डिग्री, मग बाकीचं. मला ते इतकं सरळ वाटत नाही. क्लब सहीच्या बोनसचा जो आकडा देतो, त्यावर निर्णय ठेवावा. मुलाला स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) म्हणून घडवायला क्लब किती धीर धरेल, हेही त्या आकड्यातच कळतं.

नियम थोडक्यात. हायस्कूल संपलं की मुलगा ड्राफ्टला पात्र होतो. सही न करता चार वर्षांच्या कॉलेजला गेला, तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावं पूर्ण होईपर्यंत त्याला पुन्हा निवडता येत नाही. ज्युनियर कॉलेजातून दरवर्षी निवड होऊ शकते. घाई असेल तर तो तिसरा रस्ता आहे, पण इथे त्यात शिरत नाही.

आता मुलाला नेमकं काय शिकायचं आहे ते बघू. रोटेशनमधला, म्हणजे आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्यांतला, स्टार्टर दर पाचव्या-सहाव्या दिवशी माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) येतो, नव्वद-शंभर पिच म्हणजे चेंडू टाकतो आणि एकाच बॅटरला एका सामन्यात दोन-तीनदा सामोरा जातो. हायस्कूलमध्ये फास्टबॉल (वेगवान पिच) आणि स्लायडर (बाजूला वळणारी पिच) यांवर भागतं. मोठ्या पातळीवर तिसऱ्या खेपेला बॅटर त्या दोन्हींची वाट बघत उभा असतो, तेव्हा चेंजअपसारखी (फास्टबॉलसारखी दिसणारी, पण संथ) तिसरी पिच लागते. ती नसली की मुलाला बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मध्यात येणाऱ्या पिचरांत पाठवतात. तिथे एकच इनिंग (सामन्याच्या नऊ भागांपैकी एक), पूर्ण जोर, आणि पुढे पगारही साधारण कमीच.

तिसरी पिच मार खात खातच येते. इथे मायनर लीग, म्हणजे मोठ्या लीगखालच्या तयारीच्या संघांची लीग, उजवी ठरते. तिथल्या सामन्याचा निकाल क्लबच्या लेखी दुय्यम असतो, त्यामुळे ‘आज वीस चेंजअप टाक, होम रन गेले तरी चालतील’ असं मुलाला सांगता येतं. कॉलेजच्या कोचला हे परवडत नाही. त्याची नोकरी जूनच्या कॉलेज स्पर्धेवर टिकलेली असते, बऱ्याच ठिकाणी पिच कोणती टाकायची हे डगआउटमधूनच (संघाच्या बाकावरूनच) सांगितलं जातं, आणि सामना अटीतटीला आला की तो चांगली चालणारी पिचच मागणार. अर्थात वरच्या दर्जाच्या कॉलेजांत कॅमेरे, मोजमापाची यंत्रं, जाणते पिचिंग कोच असं सगळं असतं. पॉल स्कीन्स हा पिचर एअर फोर्स अकॅडमीतून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) गेला आणि 2023च्या एका हंगामात 209 स्ट्राइकआउट घेऊन (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद करून) ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. पण सगळी कॉलेजं एलएसयू नसतात.

दुसरा प्रश्न हाताचा. कॉलेजमध्ये स्टार्टरला आठवड्याला एकच सामना, पहिल्या नंबरच्या पिचरला बहुधा शुक्रवारी. वर्षाची बेरीज कमी भरते, पण एकेक सामना जड जातो. कुमार रॉकर हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असेल, त्याची आई भारतीय वंशाची. जून 2019मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून ड्यूक विद्यापीठाविरुद्ध त्याने एकही हिट न देता 19 जणांना स्ट्राइकआउट केलं. वय 19, पिच 131. एमएलबी (मेजर लीग बेसबॉल, म्हणजेच मोठी लीग) आणि यूएसए बेसबॉल यांच्या पिच स्मार्ट तक्त्यात 19 ते 22 वयासाठी दिवसाची मर्यादा 120 आहे. 2021मध्ये मेट्स क्लबने ड्राफ्टमध्ये त्याला दहावा निवडला, वैद्यकीय तपासणीनंतर करार मात्र केला नाही. पुढच्या वर्षी रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, 2023मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि सप्टेंबर 2024मध्ये तो मोठ्या लीगमध्ये उतरला. त्या 131 पिचमुळे हे सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण त्या संध्याकाळी मोजणाऱ्याला सामना जिंकायचा होता, एवढं नक्की.

याउलट स्कीन्सचं बघा. एलएसयूत 122 इनिंगच्या वर टाकून तो पायरेट्सकडे आला, तर त्या उन्हाळ्यात क्लबने त्याला मायनरमध्ये जेमतेम पावणेसात इनिंग दिल्या. 2024च्या वसंतात ट्रिपल-एमध्ये (मायनरच्या सर्वांत वरच्या पातळीवर) सुरुवातीला तीन-तीन इनिंग, आणि 11 मे रोजी मोठ्या लीगमध्ये पदार्पण. ही काळजी दिसते, पण तिच्यामागे 92 लाख डॉलरचा बोनस होता. क्लब पिच मोजतो तो स्वतःच्या गुंतवणुकीसाठी. आणि हिशेब उलटा असेल तर? 1973मध्ये रेंजर्सने डेव्हिड क्लाइड या अठरा वर्षांच्या मुलाला हायस्कूल संपल्यावर काही आठवड्यांत थेट मोठ्या लीगमध्ये उतरवलं, कारण तिकिटं खपत नव्हती. स्टेडियम भरलं. मुलाची कारकीर्द मात्र पंचविशीतच आटोपली. आज असं कुणी करणार नाही, पण मुलाच्या हातापेक्षा क्लबचा हिशेब मोठा ठरू शकतो, हे ध्यानात असू द्या.

दुखापत दोन्ही रस्त्यांवर आहे. एमएलबीने डिसेंबर 2024मध्ये पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला, त्यातही बोट वेगाच्या हव्यासाकडे आणि प्रत्येक पिच पूर्ण ताकदीने टाकण्याकडे होतं. फरक पडतो तो दुखापतीनंतर. टॉमी जॉन झाली की वर्ष-दीड वर्ष गेलंच. हंटर ग्रीनने 2017मध्ये हायस्कूलमधून थेट 72 लाख डॉलरच्या वर बोनस घेतला, 2019मध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि रेड्स 2022पर्यंत थांबले. ड्राफ्टच्या पंधराव्या फेरीत थोडक्या पैशांत सही केलेल्या मुलासाठी एवढं कोण थांबेल? क्लबला हंगामात आता मायनरचे 165च खेळाडू ठेवता येतात, आणि दर जुलैत नवी मुलं येतात. कॉलेजमध्ये दुखापत झाली तर ड्राफ्टमधला भाव पडतो, पण वर्ग चालू राहतो.

2014चा ड्राफ्ट बघा. पहिले तिघेही पिचर. पहिला ब्रेडी एकन, हायस्कूलचा. तपासणीवरून अ‍ॅस्ट्रोजशी बिनसलं, करार झाला नाही, पुढच्या वर्षी कोपर गेलं. दुसरा टायलर कोलेक, तोही हायस्कूलचा. दोघेही मोठ्या लीगपर्यंत पोचले नाहीत. तिसरा कार्लोस रोडॉन, नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा, मोठ्या लीगच्या रोटेशनमध्ये टिकला. एका वर्षावरून नियम काढायचा नसतो, नाहीतर 2006च्या क्लेटन कर्शॉचं काय करायचं? टेक्सस ए अँड एमला जायचं सोडून तो 23 लाख डॉलरवर डॉजर्सकडे गेला, विसाव्या वर्षी खेळला आणि 2025मध्ये त्याच क्लबमधून निवृत्त झाला. कॉलेजच्या बाजूला गेरिट कोल आहे: 2008मध्ये यांकीजने 28वा निवडला, त्याने नकार दिला, यूसीएलएला गेला, 2011मध्ये पहिला निवडला जाऊन 80 लाख घेतले. पुढे यांकीजनेच त्याला नऊ वर्षांसाठी 32 कोटी 40 लाख डॉलर दिले.

पगारावर जाऊ नका. 2023च्या खेळाडू-लीग करारात मायनरमध्ये सर्वांत खालच्या पातळीला वर्षाला 19,800 डॉलर आणि ट्रिपल-एला 35,800 ठरले, म्हणजे बोनस हाच खरा पैसा. शिवाय 18 किंवा त्याहून कमी वयात सही केली तर मायनरचे हक्क क्लबकडे सात वर्षं राहतात, 19 किंवा पुढे सहा.

माझा कौल असा. बोनसचा आकडा पंधरा-वीस लाख डॉलरच्या वर असेल तर सही करावी. पाच लाखांच्या खाली असेल तर चर्चाही नको, कॉलेज. मधल्या पट्ट्यात मुलाकडे बघा. घरापासून दूर क्लबच्या अ‍ॅरिझोना-फ्लोरिडातल्या आवारात, रिकाम्या स्टँडसमोर दोन उन्हाळे मार खायची त्याची तयारी आहे का? अभ्यासात खरंच रस आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला देऊ द्या.

कॉलेज ठरलं तर कोचचं गोड बोलणं ऐकून घ्या आणि घरी येऊन त्या संघाच्या मे-जूनच्या सामन्यांची धावपत्रकं काढा, ती संकेतस्थळावर असतात. शुक्रवारचा पिचर रविवारी पुन्हा आला का, 120च्या वर किती जण गेले, हे अर्ध्या तासात दिसतं. शिष्यवृत्तीचंही विचारा: 2025पासून आधीची संघामागे 11.7 शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि 34 खेळाडूंची संघमर्यादा आली, पण पैसे किती जणांना द्यायचे हे कॉलेजगणिक वेगळं आहे. मुलगा एच-4 व्हिसावर (एच-1बीवरच्या पालकाच्या मुलांना मिळतो तो) असेल तर त्याला कामाची परवानगी नसते, म्हणून सहीआधीच वकिलाला भेटा.

आणि सही करायची ठरली तर कॉलेजच्या फीचं कलम करारात घालून घ्या. खेळ सुटल्यावर क्लब ते पैसे देतो, मात्र साधारण दोन वर्षांच्या आत शिक्षण सुरू करावं लागतं. कलमात किती सत्रं आणि कोणत्या दराने हे आकड्यांत लिहिलेलं असावं, कारण बोनसच्या घासाघिशीत एजंट पहिली सूट इथेच द्यायला बघतो.