फंड फाइलिंगचं इनलाइन एक्सबीआरएल टूल, नऊ महिन्यांनी: एका ‘उणे दोन’ची कैफियत

पानावर ०.७५% दिसत होतं. छापून काढलं, तरी ०.७५%च. तिघांनी वाचून सह्या केल्या होत्या. यंत्राला मात्र आम्ही सांगत होतो की या फंडाचा वार्षिक खर्च ७५ टक्के आहे. फाइल जायला एक दिवस उरला होता आणि टूलच्या व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासणीत, सगळीकडे हिरव्या खुणा.

टूलचं नाव लिहीत नाही, कारण करार चालू आहे आणि भांडणही. आमचं काम अमेरिकी म्युच्युअल फंडांच्या फाइलिंगचं, म्हणजे त्यांची कागदपत्रं तिथल्या बाजार नियामकाकडे (एसईसीकडे) दाखल करण्याचं. टॅक्सोनॉमीच्या, म्हणजे टॅगांच्या ठरावीक यादीच्या, खोलात शिरत नाही, थेट दुखण्यावर येतो.

इनलाइन एक्सबीआरएल म्हणजे आकड्यांना यंत्राला कळतील असे टॅग लावण्याची पद्धत. तिच्यात माणसाचं पान आणि यंत्राचा डेटा एकाच फाइलमध्ये असतो. पानावरच्या ०.७५ या मजकुराभोवती टॅग बसतो आणि त्यात स्केल नावाचं एक घर असतं. तिथे उणे दोन असेल तर यंत्र ०.००७५ वाचतं, म्हणजे पाऊण टक्का. शून्य असेल तर ०.७५, म्हणजे पंचाहत्तर टक्के. पानावर काडीचाही फरक दिसत नाही. आमच्या टूलमध्ये वर्डमधून फी टेबल चिकटवलं की स्केल गपचूप शून्यावर जातं. टक्क्याचं चिन्ह शेजारच्या रकान्यात असतं आणि तिकडे टूल बघतच नाही.

बरं, बेरीज तरी चुकावी? तीही नाही. व्यवस्थापन शुल्क, इतर खर्च, एकूण खर्च, सगळेच शंभरपट झालेले, त्यामुळे हिशोब चोख जुळतो. खालच्याच उदाहरणात १०,००० डॉलर गुंतवले तर पहिल्या वर्षाचा खर्च ७७ डॉलर, असं बरोबर टॅग केलेलं होतं. ७५ टक्के खर्च असलेल्या फंडात ७७ डॉलर कसे, हा प्रश्न एवढ्या महागड्या व्हॅलिडेशनला पडला नाही. पडला तो आमच्या टीममधल्या सर्वांत नव्या मुलीला. तिनं सहज म्हणून फाइल आरेलमध्ये उघडली. आरेल हे एक्सबीआरएल फाइल वाचणारं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, फुकट आहे आणि एडगरचा, म्हणजे एसईसीच्या फाइलिंग यंत्रणेचा, फाइल उघडून दाखवणारा रेंडररही त्याच्यावरच उभा आहे. त्यात फॅक्टची, म्हणजे टॅग केलेल्या प्रत्येक किमतीची, यादी समोर येते आणि यंत्राला काय कळलं ते थेट दिसतं. आमच्या टूलमध्ये तीच किंमत बघायला प्रत्येक आकड्यावर उजवी टिचकी, मग गुणधर्म, मग दुसरा टॅब. ज्याचे पैसे मोजतो ते लपवतं आणि जे फुकट आहे ते दाखवतं, याचा राग अजून गेलेला नाही.

सपोर्टला तिकीट टाकलं. चार दिवसांनी उत्तर आलं, की ही त्रुटी नसून टूलची रचनाच तशी आहे. मी लिहिलं, मग रचना चुकलीय. तिकीट बंद करण्यात आलं.

पहिले तीन महिने माझं मत एवढंच होतं: एक तारा, तोही लॉगिन चालतं म्हणून.

मग शेअरधारकांच्या नव्या अहवालांचा हंगाम आला आणि मत थोडं हललं. २४ जुलै २०२४ पासून प्रत्येक शेअर क्लासचा (एकाच फंडाच्या वेगवेगळ्या शुल्काच्या प्रकाराचा) वेगळा, सुटसुटीत अहवाल द्यावा लागतो आणि तोही टॅग करून. आधी अनेक फंड एका जाड पुस्तकात मावायचे. आता एका फंडाचे पाच क्लास म्हणजे पाच अहवाल. इथे टूलनं खरंच कमाल केली. एका क्लासचं टॅगिंग नीट केलं की बाकीच्या चारांवर ते उतरतं आणि सी-ने सुरू होणारा क्लास क्रमांक आपोआप बदलतो. गेल्या फाइलिंगचा रोलफॉरवर्ड घेतला, म्हणजे जुनी फाइल टॅगांसकट पुढे आणली, की बदललेली वाक्यं पिवळी दिसतात. दोन दिवसांचं काम दुपारपर्यंत आटोपलं. शिवाय रोलफॉरवर्डमध्ये स्केल शाबूत राहतं! शुल्क सवलतीच्या (०.१०) मधला कंस नुसता दिसण्यापुरता असतो, यंत्राला ऋण चिन्ह वेगळं सांगावं लागतं, तेही त्यानं एकदा चुकवलेलं नाही.

जुनी पद्धत आठवली की मी आणखी मऊ होतो. तेव्हा एचटीएमएल वेगळं, एक्सबीआरएल वेगळं, आणि डेटासाठी १५ कामकाजी दिवसांची सवलत. त्या पंधरा दिवसांत एकच आकडा दोन जागी दोन प्रकारे दुरुस्त व्हायचा. २०१८ च्या नियमानं ती सवलत गेली तेव्हा आम्ही बोंब मारली होती. आज ती परत मिळाली तरी मी घेणार नाही. (एन-पोर्टवाल्यांनी, म्हणजे फंडांच्या गुंतवणुकींचा अहवाल भरणाऱ्यांनी, हसू नये. त्यांची एक्सएमएल फाइल ठरलेल्या साच्यात (स्कीमात) बसली नाही तर ती तोंडावर तरी सांगते.)

एकूण तीन तारे द्यायच्या बेतात होतो. तेवढ्यात एका फंडात नवा क्लास आला. फी टेबलात एक स्तंभ वाढला, कुणीतरी तो वर्डमधून चिकटवला. स्केल शून्य. जुने क्लास पाऊण टक्क्यावर आणि नवा थेट ९० टक्क्यांवर!

या वेळी आम्ही तयार होतो. आरेलमधून फॅक्टची यादी काढायची आणि एकूण खर्चाला १०,००० ने गुणून एका वर्षाच्या उदाहरणाशी ताडायची, एवढं स्प्रेडशीटचं सूत्र मी एका संध्याकाळी लिहून ठेवलं होतं. ९,००० विरुद्ध ९२ असं लालभडक समोर आलं. ते सूत्र मी विक्रेत्याला फुकट पाठवलं. त्यांनी आभार मानले आणि दुसऱ्या मेलमध्ये नव्या क्लासचं बिल पाठवलं, कारण दर क्लासमागे आहे. म्हणजे स्केल हरवणारा स्तंभ वाढला की त्यांचं उत्पन्नही वाढतं.

तेव्हा अडीच तारे. ज्यांचे फंड मोजके आणि क्लास एक-दोनच आहेत, त्यांनी आधी आरेल आणि एक शहाणी व्यक्ती एवढ्यावर भागतं का ते बघावं. क्लास पुष्कळ असतील तर रोलफॉरवर्डसाठी हे घ्या, पण करारात क्लासमागचा दर घासून कमी करा आणि वर्डमधून काहीही चिकटवू देऊ नका. आमचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. तिकीट मी पुन्हा उघडलंय. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलंय, ‘प्राधान्य: कमी’.