अंड्याची टरफलं: वस्त्रगाळ पूड की व्हिनेगरचं पाणी?

आमच्या बेळगावच्या शहापुरात संध्याकाळी बुर्जीच्या गाडीखाली टरफलांची बादली भरते आणि रात्री गटारात रिकामी होते. हे बघवत नाही, म्हणून मी ती परसबागेसाठी घरी आणते. टरफलात जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणजे चुनखडीच.

पूड करायची तर टरफलं धुऊन, कडक उन्हात वाळवून, तव्यावर भाजून मिक्सरला लावा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. बोटांवर टाल्कमसारखी लागली पाहिजे. नुसती चुरडून टाकली, तर तुकडे वर्षानुवर्षं मातीत तसेच सापडतात. खानापूरकडच्या तांबड्या, आंबट मातीत ही पूड आंबटपणा कमी करते. अथणी-गोकाककडच्या काळ्या जमिनीत मुळातच चुना भरपूर, तिथं हा खटाटोप करू नये.

व्हिनेगरात टरफल टाकलं की फसफसतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम ॲसिटेट उरतं. रोपाला ते लगेच मिळतं. पण एक टरफल पुरतं विरघळायला १०० ते १२५ मिली व्हिनेगर लागतं! शिवाय फसफसणं थांबल्यावर भरपूर पाणी घालूनच वापरायचं.

चार कुंड्यांना व्हिनेगर परवडेल. परसबागेला मी पूडच घालते. कॅल्शियम कमी पडून टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडत असेल, तर आधी पाणी नियमित द्या. माती कधी कोरडी, कधी चिखल असली, की असलेलं कॅल्शियमसुद्धा फळापर्यंत पोचत नाही.